सोमवारपर्यंत आडनाव आण

आधीच सांगते, यात गमतीजमती नाहीयेत. संपादकांनी फोनवर म्हटलं होतं, तुमच्या वयाचं कुणीतरी अंकात हवंय, वर्षभर चेन्नईच्या शाळेत शिकवलंत ना, मग तिथले किस्से लिहा, मुलं, जेवणखाण, भाषेची फजिती. मी लगेच हो म्हटलं. मला लिहायला आवडतं आणि मी भराभर टाइप करते, दोन दिवसांत आठ पानं झाली. मग ती वाचून बघितली. आठही पानांत मी फार गोड होते. मुलं माझ्या मागे-मागे फिरत होती, घरमालकीण अम्मा डोसे घालत होती, मी चुकीचं तमिळ बोलत होते आणि सगळे हसत होते. सगळं खरं होतं, आणि तरी वाचून कसंतरीच झालं, कारण एक गोष्ट मी त्या आठ पानांत कुठेच येऊ दिली नव्हती. मग पानं काढून टाकली. आता फक्त ती गोष्ट लिहितेय.

तर मी मुग्धा, सांगलीची. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात दोन वर्षं नोकरी केली, कंटाळले, आणि एका संस्थेतर्फे वर्षभर शिकवायला बाहेर पडले. संस्थेने विचारलं कुठे जाल, मी म्हटलं जिथली भाषा मला येत नाही तिथे पाठवा. (हे वाक्य आता स्वतःला ऐकवतसुद्धा नाही, पण म्हटलं होतं.) त्यांनी तांबरमला पाठवलं. चेन्नईच्या दक्षिणेला, मोठं स्टेशन, तिथून शेअर ऑटोने दहा मिनिटांवर आठवीपर्यंतची एक शाळा, आणि शाळेपासून दोन गल्ल्या सोडून धनम अम्माचं घर. मी तिथे राहणार होते.

धनम अम्मा आमच्याच शाळेत होती. दुपारच्या जेवणाचं सगळं ती बघायची: तांदूळ, डाळ, अंडी, दोन स्वयंपाकिणी आणि दीडशे ताटं. घरी ती आणि तिचा नवरा. अप्पा रेल्वेतून रिटायर झालेले, दिवसाला चार वाक्यं बोलायचे, त्यातली दोन पेपरला उद्देशून. आणि मजा म्हणजे अम्माला मराठी यायचं. अप्पांची पहिली नोकरी दौंडला होती, लग्न झाल्या-झाल्या ती तिथे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये चार वर्षं राहिली होती. तेव्हाचं मराठी तिने तसंच जपून ठेवलं होतं, थोडं गंजलेलं, पण धार होती. पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन दारात उभी, तमिळमधलं पाठ केलेलं वाक्य आठवतेय, आणि ही आतून म्हणते, "आत ये की गं. चप्पल तिकडे. जेवली का नाय?"

आता काम काय असतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं आम्ही तिथे शिक्षक होतो. नव्हतो. माझ्याकडे बी.एड. नाही. दोन आठवड्यांचं ट्रेनिंग, मग थेट वर्ग. सहावीला बोलायचं इंग्रजी शिकवायचं, तेही जेवणानंतरच्या तासाला, जेव्हा सांबारभात पोटात गेलेला असतो आणि पंखा मुलांना अंगाई म्हणत असतो. त्या तासाचं एक तंत्र असतं. पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येक मुलाच्या तोंडून एक तरी शब्द निघाला पाहिजे, नाहीतर अर्धा वर्ग हातातून गेला म्हणून समजा. म्हणून मी आल्या-आल्या प्रश्न टाकायचे: सकाळी काय खाल्लं, बसमध्ये कोण भेटलं. एकदा त्यांनीच मला विचारलं, मिस, तुमच्याकडे सकाळी काय खातात? मी सांगितलं पोहे. मग दिव्या नावाची मुलगी म्हणाली, पण मिस, ते तर कृष्णजयंतीला देवासाठी असतं, तुम्ही रोज देवाचं खाता?

दुसरं तंत्र म्हणजे मुलाचं नाव बरोबर उच्चारायचं. यात माझे दोन आठवडे गेले. तमिळमध्ये एक ळ असा आहे की तो आपला ळ नाही, जीभ मागे वळवायची आणि कुठेही न टेकवता तशीच सोडून द्यायची. त्या एका अक्षरासाठी मी अम्माच्या आरशासमोर उभी राहून सराव केला, कारण माझ्या वर्गात एळिलरसी होती. अकरा वर्षांची, दोन वेण्या, पहिल्या बाकावर खिडकीकडची जागा. मला तिचं नाव नीट म्हणता आलं त्या दिवशी ती जागेवर उभी राहिली आणि म्हणाली, "करेक्ट, मिस." मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

आणि तिसरी गोष्ट, जी ट्रेनिंगमध्ये तंत्र म्हणून शिकवत नाहीत पण असते: दर महिन्याला संस्थेला अहवाल पाठवायचा, फोटोंसकट. मुलाला आतून काय समजलं त्याचा फोटो येत नाही. चार्टचा येतो. म्हणून आम्ही सगळे चार्ट करायचो. मला तर चार्टचं वेडच लागलं होतं.

तर ऑक्टोबरमध्ये मला कल्पना सुचली पत्रमैत्रीची. माझ्या सांगलीच्या शाळेतल्या बाईंना फोन केला, त्या खूश झाल्या, आणि पंधरा दिवसांत सहावीच्या मुलांची एकतीस पत्रं दिवाळीच्या शुभेच्छांसकट आली. आमचीही एकतीस मुलं, एकास एक जोडी. मुलं नुसती उड्या मारत होती. मी पत्रं वाटली. प्रत्येक पत्राच्या वर नाव, आपल्याकडे लिहितात तसं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मुलांनी विचारलं, मिस, यांची नावं इतकी लांब का?

इथे थांबून तुम्हाला आठवण करून देते की आपण कसे वाढतो. माझ्या शाळेत हजेरी आडनावाने व्हायची. मैत्रिणीसुद्धा एकमेकींना आडनावाने हाक मारायच्या. बाईंनासुद्धा आडनाव लावूनच बाई म्हणायचो, त्यांचं स्वतःचं नाव मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं. मला कधी वाटलंच नाही की आडनाव म्हणजे काही वेगळं असतं. ते नाकासारखं होतं, सगळ्यांना असतंच. आमच्या वर्गाच्या हजेरीपटात नावं होती के. दिव्या, एस. कार्तिक, एम. एळिलरसी, आणि चार महिने मी समजून चालले होते की ते पुढचं अक्षर म्हणजे आडनाव, पूर्ण लिहायचा कंटाळा केलाय. ते वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर असतं, हे मला कळलं त्या आठवड्यात. मग आडनाव कुठंय? मी मुलांना सांगितलं, घरी विचारून या. उत्तरात आपणही पूर्ण नाव लिहू, म्हणजे दोन्ही बाजूंची पत्रं सारखी दिसतील.

सारखी दिसतील. खरंच इतकंच माझ्या डोक्यात होतं.

मुलं घरी गेली आणि विचारलं. दुसऱ्या दिवशी काही जण रिकाम्या हाताने आले, घरचे हसले म्हणाले. काही जण एक शब्द घेऊन आले. मग ज्यांना मिळाला नव्हता त्यांनी पुन्हा विचारलं, कारण मिस विचारतेय, आणि मिसला नाही म्हणत नाहीत. तीन दिवसांत तीस मुलांनी तीस शब्द आणले. मी ते मोठ्या पिवळ्या चार्टवर लिहिले. वर 'अवर फुल नेम्स', खाली तीन रकाने, हिरव्या, निळ्या आणि लाल स्केचपेनने. आडनाव लाल. भिंतीवर लावला, फोटो काढला, संस्थेच्या ग्रुपवर टाकला. टाळ्यांचे हात आले, हार्ट आली.

ते लाल शब्द मी इथे लिहिणार नाही. तुमच्यापैकी बरेच जण हे वाचण्याआधी माझं आडनाव बघून आलेले असणार, आणि ते बघून मी कोण हे तुम्ही मनात ठरवूनही टाकलं असेल. मीही तेच केलं असतं. मी संपादकांना म्हटलं होतं नुसतं मुग्धा छापा, ते म्हणाले असं कसं, पूर्ण नाव द्या. तर तामिळनाडूत लोकांनी कित्येक वर्षांपूर्वी ठरवून नावापुढचं हे शेपूट काढून टाकलंय, नावावरून जात कळू नये म्हणून. मुलांनी घरी विचारलं, आपल्या नावाच्या शेवटी काय आहे? आणि आईवडिलांनी जे सांगितलं ती जात होती. मी तीस मुलांची जात लाल अक्षरात लिहून भिंतीवर लावली होती आणि मला ते माहीत नव्हतं. माहीत नव्हतं हे मी स्वतःला खूप वेळा सांगून बघितलंय. त्याने काही होत नाही.

एकतिसावी एळिल.

ती रोज सांगायची, मिस, माझी आई म्हणते नाही. मी म्हणायचे, असं कसं, सगळ्यांना असतं, पुन्हा विचार. तिचं पत्र सगळ्यांत आधी लिहून तयार होतं. इंग्रजीतली चार वाक्यं मला पाठ आहेत: माझी आई फोन बनवते. आमच्याकडे एकच फोन आहे. तो आईबरोबर कंपनीत जातो. तुझी आई काय बनवते? तिची आई मल्लिका श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात होती, पहाटे कंपनीची बस यायची. किती सुंदर पत्र होतं. आणि त्यावरच्या नावात मला एक रकाना रिकामा दिसत होता.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीआधी मी सगळ्यांची पत्रं गोळा केली आणि तिचं तिला परत दिलं. वर्गासमोर. म्हटलं, एळिल, सोमवारपर्यंत आडनाव आण. सोमवारी कुरियर जाणार, नाव पूर्ण नसेल तर तुझं पत्र इथेच राहील. हसत-हसतच म्हटलं, म्हणजे मला तरी मी हसत होते असं आठवतंय. शिक्षकांची ही एक युक्ती असते, तारीख दिली की मुलं कामाला लागतात. तिने पत्राची घडी केली आणि दप्तरात ठेवलं.

त्याच सुट्टीत अम्मा वर आली. ती कधी वर्गात यायची नाही, तिचं राज्य खाली. दारात पदराला हात पुसत उभी राहिली, चार्ट वाचला, वरपासून खालपर्यंत, सगळी तीस नावं. मग स्टूल ओढून त्यावर चढली आणि चारही कोपऱ्यांच्या चिकटपट्ट्या नखाने सावकाश काढल्या, भिंतीचा रंग निघू नये अशा बेताने. गुंडाळी करून काखेत घातली आणि खाली निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी ती शेंगा निवडत बसली होती. मी विचारलं काय झालं. तिने सांगितलं ते असं, की वीस वर्षं ती त्या व्हरांड्यात मुलांना वाढतेय आणि कुणाशेजारी कोण बसतं, कोण आपलं अंडं कुणाला देतं, हे तिला न बघता माहीत असतं. आज ओळीत मध्ये हातभर जागा सुटली होती. दिव्या रोज जिच्याशेजारी बसायची तिच्याशेजारी बसली नव्हती. अम्माने विचारलं का, तर म्हणाली, मिसने लिहिलंय.

मला आधी कळेचना. मग अम्माने चार्टवरचे दोन-तीन शब्द म्हटले आणि त्यांचा अर्थ सांगितला. मी रडायला लागले. अम्मा शेंगा निवडत राहिली.

"दौंडला पहिल्या दिवशी शेजारची बाई आली," ती म्हणाली. "चांगली बाई होती. साखर घेऊन आली. आडनाव काय विचारली. मी म्हटलं धनलक्ष्मी. ती म्हणे ते नाव, आडनाव काय? मी म्हटलं नाय. ती म्हणे असं कसं, सगळ्यांना असतं. चार वर्षं विचारली. साखर देते, विचारते. तुला राग नाय करत मी. तुमच्याकडे सवय आहे. पण हे लहान पोरं आहेत."

मी शब्दशः तेच वाक्य एळिलला म्हटलं होतं. असं कसं, सगळ्यांना असतं. आणि तेव्हा, त्या क्षणी, मी अम्माला हे सांगायला हवं होतं, की अजून एक मुलगी आहे, तिला मी सोमवारची तारीख दिलीय. सांगितलं असतं तर अम्मा त्याच पावली उठून एळिलच्या घरी गेली असती, पाच मिनिटांवर घर होतं. पण मी आधीच इतकी लाजले होते की आणखी एक गोष्ट कबूल करायची माझ्यात ताकद नव्हती. म्हटलं, सोमवारी सकाळी बघू, पत्र गुपचूप गठ्ठ्यात घालू, विषय संपला. अम्माने विचारलंसुद्धा, सगळ्या पोरांनी आणलं का? मी म्हटलं, हो, जवळजवळ.

शनिवारी दुपारी साडेतीनला दार वाजलं. मल्लिका होती. मी तिला आधी एकदाच शाळेत बघितलं होतं. कंपनीचा निळा कोट अंगावर, केसांची जाळी अजून डोक्यात, बसमधून उतरून घरी जाऊन थेट आली होती. एळिल घरी नव्हती. सकाळी दहाला शेजारणीने तिला चांगला फ्रॉक घालून बाहेर पडताना बघितलं होतं, विचारलं तर म्हणाली होती शाळेचं काम आहे. मल्लिकाने अम्माला विचारलं, शाळेत आज काही आहे का?

अम्मा म्हणाली नाही. आणि माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं. इंग्रजीत, मग मराठीत, मग मोडक्या तमिळमध्ये, तिन्ही भाषांत मी एकच वाक्य सांगत होते, की मी तिला सोमवारपर्यंत आडनाव आणायला सांगितलं होतं. मल्लिकाचा चेहरा मला नीट आठवत नाही, कारण मी खाली बघत होते. तिने केसांची जाळी काढली आणि मुठीत धरली, तेवढं दिसलं. मग ती अम्माला काहीतरी बोलली आणि दोघी चालायलाच लागल्या. मी मागून. अम्माने वळून सांगितलं, हिचा नवरा चेंगलपट्टूला आहे, पोरगी तिकडे गेली असणार.

तांबरमहून चेंगलपट्टूला लोकल जातात, तासाभराचा प्रवास. मोठ्या माणसाला काहीच नाही. आम्ही स्टेशनवर रेल्वे पोलिसांना सांगितलं, त्यांनी वही उघडली, फ्रॉकचा रंग विचारला, तो मल्लिकाला माहीत नव्हता कारण पहाटे निघताना मूल झोपलेलं असतं. हे ती सांगत होती तेव्हा मी दोन हात लांब उभी होते. मग फलाटावर बसलो. एक गाडी आली, रिकामी झाली, गेली. दुसरी आली. मी प्रत्येक दारात दोन वेण्या शोधत होते आणि मनात देवाला काय-काय कबूल करत होते ते लिहीत नाही. तिसऱ्या गाडीतून ती उतरली. पिवळा फ्रॉक, हातात आंब्याच्या रसाचं छोटं पाकीट, नळीसकट, न फोडलेलं. आईला बघून ती धावली नाही. जागेवर उभी राहिली.

तिने सांगितलं ते अम्माने मला नंतर सांगितलं. वडील तिथे टायरच्या दुकानात काम करतात हे तिला कधीतरी ऐकून माहीत होतं, ती विचारत-विचारत गेली. त्यांनी तिला ओळखलं. शेजारच्या टपरीवरून हे पाकीट घेऊन दिलं. आडनाव विचारलं तर म्हणाले, तुझ्या आईला विचार. आणि स्टेशनवर आणून गाडीत बसवलं.

मल्लिका माझ्याशी बोलली ते तिथेच, फलाटावर. ओरडली नाही. तिचं तमिळ भराभर होतं, अम्मा एकेक वाक्य दौंडच्या मराठीत मला देत होती.

"ती सांगते, मी एका जातीची, तो दुसऱ्या. दोन घरांनी विचारलं, ही पोर कोणाची? त्याने उत्तर नाय दिलं. आपल्या घरी परत गेला, दुसरं लग्न केलं. मी म्हटलं, माझी. म्हणून तिच्या नावापुढे एम आहे. मल्लिकाचा एम. मी तिला एकच अक्षर दिलं आणि ते पुरत होतं."

मी तमिळमध्ये सॉरी म्हटलं. मल्लिकाने मान हलवली, नको म्हणून.

"ती सांगते, मला नको. शाळेच्या ऑफिसात एकदा विचारतात, कागदावर लिहितात, कपाटात ठेवतात. भिंतीवर कोणी लावत नाय. आता पोरीला वाटतं, सगळ्यांकडे काहीतरी आहे आणि आपल्याकडे ते कमी आहे. सोमवारी वर्गात सगळ्यांसमोर सांग, चूक माझी होती, तिच्यात काय कमी नाय. तू सांगशील तरच मी तिला पाठवते. नाय तर नाव काढते."

मी म्हटलं, सांगते. नक्की सांगते. एळिल आईच्या कोटाला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

रविवार अख्खा मी ते भाषण लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, अम्माकडून तमिळ करून घेतलं, देवनागरीत उतरवलं, पाठ केलं. मला वाटलं होतं सगळ्यांत अवघड ते तमिळ आहे.

सोमवारी वर्गात गेले तर मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर बसलेल्या. त्यांना चार्टचं काहीच माहीत नव्हतं, त्या महिन्याचा तास बघायला आल्या होत्या, वही घेऊन. एळिल आली होती, तिच्या जागेवर, खिडकीशी. एकतीस मुलं माझ्याकडे बघत होती. कागद माझ्या हातात होता. मी पहिलं वाक्य मनात म्हटलं, आणि मग मला दिसलं की हे बोलले तर मुख्याध्यापिका विचारतील कसला चार्ट, मग संस्थेला पत्र जाईल, ग्रुपवरचा फोटो निघेल, सगळ्यांना कळेल. आणि मी म्हटलं, इंग्रजीत, छान मोठ्या आवाजात: मुलांनो, पत्राचे नियम बदललेत, आता आडनावाची गरज नाही, सगळ्यांनी पूर्वीसारखंच नाव लिहायचं, चला.

मुलांनी ओके मिस म्हटलं. त्यांना काय, चार्ट तर शुक्रवारीच गेला होता. मुख्याध्यापिकांनी वहीत काहीतरी लिहिलं, नंतर म्हणाल्या तास चांगला झाला. एळिलने दप्तरातून पत्राची घडी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी घरी अम्माने विचारलं, बोललीस? मी म्हटलं, बोलले. दोन दिवसांनी तिला मुलांकडून खरं कळलं. तिने डोसे बंद केले नाहीत. पण त्यानंतर माझ्याशी मराठीत बोलली नाही, पार एप्रिलमध्ये मी निघेपर्यंत. तमिळमध्ये बोलायची, सावकाश, मला कळेल असं, जसं भाड्याने राहणाऱ्या कुणाशीही बोलतात.

आणि मल्लिकाने एळिलचं नाव काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. बहुतेक एळिलने घरी सांगितलंच नाही की मी बोलले नाही. म्हणजे अकरा वर्षांची मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली, किंवा आईसाठी, शाळा सुटू नये म्हणून. मला अजून माहीत नाही यातलं कोणतं.

ती शाळेत रोज आली. सांगलीहून तिच्या पत्राला उत्तर आलं, सानिका नावाच्या मुलीचं, तिची आई शेवया करते. एळिलने त्यालाही लगेच उत्तर लिहिलं. मी प्रश्न विचारला की उभी राहून बरोबर उत्तर द्यायची, तिचं इंग्रजी वर्षअखेर वर्गात सगळ्यांत चांगलं झालं. अहवालात तिचं उदाहरण मी दिलंय. फक्त पूर्वी 'येस मिस' म्हणायची ती नुसतं 'येस' म्हणायला लागली. 'थँक यू' म्हणायची, 'गुड आफ्टरनून' म्हणायची. 'मिस' म्हणायची नाही. सहा महिने. एकदाही चुकून नाही. दिव्या आणि तिची मैत्रीण थोड्या दिवसांनी पुन्हा शेजारी बसायला लागल्या, अम्माने बसवल्या, तो माझा पराक्रम नाही.

शेवटच्या दिवशी मुलांनी मला हाराऐवजी एक मोठं कार्ड दिलं, सगळ्यांच्या सह्या असलेलं. मी सगळ्यांत आधी तिची शोधली. होती. 'एम. एळिलरसी', नीट, गोल अक्षरात, बाकी कुणाची नाही इतकी मोठी.

गेल्या आठवड्यात अम्माला फोन केला. मधूनमधून करते, ती चार वाक्यं बोलते. मी तिला सांगितलं की मी या सगळ्यावर लिहितेय, छापून येणार आहे. तमिळमध्ये का, तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, मराठीत. कोण वाचणार? आमचे लोक, मी म्हटलं. ती म्हणाली, बरं, त्यांना पण कळू दे. मग मी धीर करून म्हटलं, मी एळिलसाठी तमिळमध्ये चार ओळी लिहिल्यात, फोटो पाठवते, तू शाळेत तिला दाखवशील का?

फोनवर कुकरची शिट्टी ऐकू आली, एक, मग दुसरी. मला वाटलं ठेवला तिने. मग इतक्या महिन्यांनी ती मराठीत बोलली.

"कागद मी नाय दाखवणार. तू ये. वर्गात उभी राहा, पोरं आहेत तीच आहेत, सातवीत गेली. तोंडाने सांग. आठवी झाली की ती शाळा सोडणार, मग कुठे शोधणार तिला?"

मी म्हटलं, येते.

"कधी?"

"बघते."

"बघते म्हणजे नाय," अम्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

लेख लिहून झाला की त्याच दिवशी चेन्नईचं तिकीट काढायचं, असं मी तेव्हा ठरवलं. एरवी मी इतकी भराभर लिहिते, हा लेख मात्र सहा दिवस पुरवला. वर जे लिहिलंय ते कालच पूर्ण झालं होतं. आज सकाळपासून मी नुसती स्वल्पविराम बदलत बसलेय.